जन्मतः असमान छाती: शस्त्रक्रियेचा बेत कसा आखायचा

छातीची एक बाजू लहान किंवा खोलगट राहिली असली की डॉक्टरांना पहिला प्रश्न बहुधा एकच विचारला जातो: किती सीसीचं (मिलीचं) इम्प्लांट, म्हणजे आत बसवायचं कृत्रिम भरण, लागेल? खरं तर हा प्रश्न यादीत बराच खाली यायला हवा. छातीला थर असतात. तळाशी बरगड्या आणि त्यांच्या कूर्चा, त्यावर स्नायू, त्यावर स्तनग्रंथी व चरबी आणि सगळ्यात वर त्वचा व स्तनाग्र. जन्मतः यांतला कोणता थर कमी पडलाय हे न पाहता नुसतं आकारमान भरलं, तर ब्रा भरते पण गळ्याखालचा खळगा तसाच राहतो आणि उघड्या अंगाने आरशासमोर उभं राहिलं की फरक पुन्हा दिसतोच. म्हणून आधी थर ओळखायचा, मग तळापासून वर काम करत यायचं.

कोणता थर कमी आहे?

दोन्ही बाजूंत थोडा फरक जवळजवळ प्रत्येकातच असतो. वयात येताना एका बाजूची वाढ आधी सुरू होते आणि दुसरी काही महिन्यांनी तिला गाठते. त्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या मुलीत दिसणारा फरक हा आजार समजून घाई करू नये. त्या वयात स्तनाग्रामागे लागणारी एका बाजूची गाठ म्हणजे बहुतेकदा वाढीचा कोंबच असतो. ती गाठ समजून कापून काढली तर त्या बाजूचा स्तन पुढे वाढतच नाही. लहानपणी छातीवर झालेली भाजण्याची जखम किंवा चुकीच्या जागी घातलेली छातीची नळी यांनीही हा कोंब जायबंदी होतो. ही कारणं जन्मजात नाहीत, पण पुढचे उपाय बरेचसे तेच आहेत.

जन्मजात कारणांत सगळ्यात ठळक म्हणजे पोलंड सिंड्रोम. आल्फ्रेड पोलंड यांनी १८४१ मध्ये लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये केलेल्या शवविच्छेदनावरून त्याचं वर्णन लिहिलं. यात छातीच्या मोठ्या स्नायूचा, म्हणजे पेक्टोरॅलिस मेजरचा, छातीच्या मधल्या हाडाकडून येणारा भाग नसतो. गळपट्टीच्या हाडाकडून येणारा वरचा भाग बहुधा शाबूत असतो. सोबत स्तन आणि स्तनाग्र लहान, काखेत केस विरळ, कातडीखालची चरबी पातळ. काहींमध्ये दुसरी ते पाचवी यांतल्या काही बरगड्यांच्या कूर्चा अपुऱ्या असतात, तर काहींच्या त्याच बाजूच्या हाताची बोटं आखूड किंवा जोडलेली असतात. उजवी बाजू डावीपेक्षा जास्त वेळा सापडते आणि नोंदींमध्ये पुरुष जास्त दिसतात. सर्वाधिक मानलं जाणारं कारण असं, की गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमाराला त्या बाजूच्या सबक्लेव्हियन धमनीचा (गळपट्टीच्या हाडाखालून जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीचा) रक्तपुरवठा कमी पडतो. बहुतेक रुग्णांच्या घरात दुसऱ्या कुणाला हे नसतं.

दुसरा गट ट्यूबरस स्तनांचा. इथे स्नायू आणि हाडं ठीक असतात. स्तनाचा पाया अरुंद असतो, खालची घडी वर सरकलेली असते आणि स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळातून ग्रंथी पुढे ढकलल्यासारखी दिसते. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असं असलं की असमानता होते. तिसरा गट छातीच्या पिंजऱ्याचा: मधलं हाड आत गेलेलं, बाहेर आलेलं, किंवा एका बाजूच्या बरगड्या खोल बसलेल्या पण स्नायू पूर्ण. चौथी शक्यता पाठीच्या कण्याची. कणा वळला की बरगड्या फिरतात आणि सारखेच स्तन असमान दिसू लागतात. ही शक्यता हुकली तर पुढचा सगळा बेत बिघडतो.

घरी आरशासमोर करायच्या चार तपासण्या पुरेसं सांगून जातात.

१. छातीसमोर दोन्ही तळहात नमस्कारासारखे जोडून जोरात दाबा. काखेची पुढची कड दोन्ही बाजूंना टणक व्हायला हवी. एका बाजूला ती नुसती त्वचेची पातळ घडीच राहिली तर मोठा स्नायू कमी आहे.

२. काखेची मागची कड अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरा आणि खोका. पाठीचा लॅटिसिमस डॉर्साय स्नायू चिमटीत उडी मारतो. ही तपासणी सोडू नका. छातीसाठी हाच स्नायू वापरतात आणि पोलंड सिंड्रोममध्ये कधी कधी तोही अपुरा असतो.

३. गुडघे सरळ ठेवून पुढे वाका आणि मागून कुणाला तरी पाठ बघायला सांगा. एका बाजूला उंचवटा दिसला तर आधी कण्याचा एक्स-रे.

४. दोन्ही हात शेजारी ठेवून बोटांची लांबी, मधल्या पेरांची जाडी आणि बोटांमधली कातडी ताडून पाहा.

डॉक्टरकडे यानंतर सोनोग्राफी होते. स्नायूचा कुठला भाग आहे आणि कुठला नाही हे एमआरआयमध्ये सगळ्यात स्वच्छ दिसतं, शिवाय किरणोत्सर्ग नाही. सीटी स्कॅन मात्र सरसकट करून घेऊ नये. बरगड्यांमध्ये दोष असल्याची शंका असेल, रक्तवाहिन्या पाहायच्या असतील किंवा मापाचं इम्प्लांट बनवायचं असेल तेव्हाच तो करावा. आत गेलेल्या छातीसाठी सीटीवरून हॅलर निर्देशांक काढतात: छातीची आतली रुंदी भागिले मधल्या हाडापासून मणक्यापर्यंतचं सगळ्यात कमी अंतर. साधारण छातीत तो अडीचच्या आसपास येतो आणि ३.२५ च्या वर गेला तर दोष तीव्र समजतात. डाव्या बाजूच्या पोलंडमध्ये बरगड्या कमी असतील तर हृदय उजवीकडे सरकलेलं असू शकतं, म्हणून इकोकार्डिओग्राम. मूत्रपिंडांची एक सोनोग्राफी करून ठेवणंही शहाणपणाचं.

कधी करायचं

स्तनाची वाढ थांबून निदान एक वर्ष आकार स्थिर राहिला पाहिजे. बहुतेक मुलींमध्ये हा मुक्काम अठराच्या आसपास येतो. त्याआधी अंतिम माप बसवलं तर दुसरी बाजू वाढत राहते आणि फरक नव्याने तयार होतो. पण याचा अर्थ चौदा वर्षांच्या मुलीने चार वर्षं नुसतं सोसावं असा नाही. ब्राच्या आत बसणारं सिलिकोनचं बाह्य कृत्रिम स्तन लगेच वापरता येतं. ते वजनाने भरीव असल्यामुळे कापसासारखं वर सरकत नाही, आणि पोहण्यासाठी वेगळे हलके प्रकार मिळतात. फरक फारच मोठा असेल आणि मुलगी शाळा, खेळ, मैत्रिणी टाळू लागली असेल तर लवकर टिश्यू एक्स्पांडर (त्वचा ताणण्यासाठी आत ठेवायची पिशवी) बसवून दुसऱ्या बाजूच्या वाढीबरोबर तो थोडा थोडा भरत नेता येतो. चरबी भरण्याचे छोटे टप्पेही वाढीच्या वयात सुरू करतात.

आत गेलेल्या छातीचं गणित वेगळं आहे. नस नावाच्या सर्जनच्या पद्धतीत बरगड्यांखालून धातूची वक्र पट्टी घालून मधलं हाड वर उचलतात आणि पट्टी साधारण दोन ते तीन वर्षं ठेवतात. कूर्चा लवचीक असताना, म्हणजे किशोरवयात, हे जास्त सोपं जातं. बाहेर आलेल्या छातीला तर त्या वयात नुसता दाबाचा पट्टाही पुरतो, मात्र तो दिवसाचे बरेच तास आणि महिनोन् महिने लावावा लागतो. मुलं इथेच कंटाळतात.

मोजमापं आणि फोटो

पहिल्या भेटीत टेप बाहेर न काढणाऱ्या सर्जनबद्दल जरा सावध राहावं. उभं राहून, खांदे सैल सोडून घ्यायची मापं अशी: गळ्याच्या खोबणीपासून स्तनाग्रापर्यंत, छातीच्या मध्यरेषेपासून स्तनाग्रापर्यंत, स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंत त्वचा ताणून, आणि स्तनाच्या पायाची रुंदी. दोन्ही बाजूंच्या आकड्यांतली तफावत सगळं सांगते. खालच्या घडीची उंची वेगळी असेल तर घडी हलवावी लागेल. स्तनाग्र ते घडी हे अंतर कमी असेल तर त्वचाच अपुरी आहे, म्हणजे आधी ताणायला हवी. वरच्या भागातली चिमूट दोन सेंटिमीटरपेक्षा कमी आली तर नुसत्या त्वचेखाली ठेवलेल्या इम्प्लांटची कड दिसणार हे गृहीत धरा.

फोटो समोरून, दोन्ही तिरके, दोन्ही बाजूंचे, हात वर करून आणि कमरेवर हात दाबून. शेवटच्या दोन स्थितींत असे दोष उघडे पडतात जे हात खाली असताना झाकले जातात. आकारमानातला फरक त्रिमिती स्कॅनवर काढतात. ती सोय नसेल तर ब्रामध्ये वेगवेगळ्या मापांचे नमुने घालून अंगावर टी-शर्ट चढवून पाहतात आणि हा साधा उपाय आश्चर्य वाटावं इतका बरोबर येतो.

चरबी भरणं

पोलंडच्या सौम्य ते मध्यम प्रकारांत आम्ही पहिली पसंती याला देऊ, आणि गळ्याखालच्या खळग्यासाठी तर जवळजवळ नेहमीच. इम्प्लांट त्या जागी पोचतच नाही. फ्रान्समधल्या ल्यों इथे इमॅन्युएल डिले यांनी ही पद्धत पोलंड सिंड्रोमसाठी रुजवली. पोट, मांड्या किंवा कमरेतून चरबी काढायची, शुद्ध करायची आणि छातीत धाग्यांसारखी पेरायची.

काढताना आधी एक लिटर सलाईनमध्ये एक मिलिग्रॅम ॲड्रेनालीन मिसळून ते त्या भागात सोडतात, म्हणजे रक्त कमी जातं. मग बोथट टोकाच्या बारीक नळीने कमी दाबावर ओढतात. यंत्राचा दाब जास्त ठेवला तर पेशी फुटतात आणि हातात चरबीऐवजी तेल येतं. शुद्धीकरण सेंट्रिफ्यूजमध्ये (जुना प्रघात मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगाने तीन मिनिटं), गाळून किंवा नुसतं निवळू देऊन करतात. वरचं तेल आणि खालचं पाणी टाकून मधला थर घ्यायचा.

भरताना एक भौतिक मर्यादा पाळावीच लागते. नव्या रक्तवाहिन्या येईपर्यंत चरबीची पेशी शेजारच्या ऊतींतून झिरपणाऱ्या प्राणवायूवर जगते आणि तो प्राणवायू दीड-दोन मिलिमीटरच्या पलीकडे पोचत नाही. म्हणून चरबीचा प्रत्येक धागा तीन-चार मिलिमीटरपेक्षा जाड नको. नळी मागे घेतानाच सोडायची, अनेक थरांत आणि उलटसुलट दिशांनी. एका जागी गोळा सोडला की त्याचा मधला भाग मरतो. मग तेलाची गाठ किंवा कडक गोळी होते आणि पुढे सोनोग्राफीत ती बघून सगळ्यांच्या पोटात गोळा येतो.

किती भरायची? टिकण्याचं प्रमाण साधारण ५० ते ७० टक्के असतं. १०० मिली कायमची हवी असेल तर शुद्ध चरबी सुमारे १४० ते २०० मिली भरावी लागते, आणि तेवढी मिळायला त्याहून बरीच जास्त ओढावी लागते. पण हा हिशेब जागेच्या क्षमतेपुढे चालत नाही. पोलंडमधली त्वचा बरगडीला चिकटलेली, घट्ट असते. ती पांढुरकी पडू लागली किंवा छिद्रातून चरबी परत येऊ लागली की थांबायचं. पहिल्या वेळी कमीच बसते. तिने ऊती सैल होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जास्त मावते. दोन वेळांमध्ये निदान तीन महिने, शक्यतो त्याहून जास्त अंतर ठेवतात. बहुतेकांना दोन ते चार टप्पे लागतात. 'एकाच बैठकीत सगळं' असं आश्वासन मिळालं तर दुसरं मत घ्या.

घट्ट पट्टे सुईने आतून सोडवतात. त्याचाही अतिरेक नको, कारण फार टोचलं तर ऊतींच्या जाळीच्या जागी पोकळी होते आणि चरबी तिच्यात साचून मरते. बरगडी नसलेल्या जागी नळी छातीच्या पोकळीत शिरू शकते. म्हणून तिथे दुसऱ्या हाताने ऊती वर उचलून धरायच्या आणि नळी पिंजऱ्याला समांतर ठेवायची. गळपट्टीच्या हाडाजवळ मोठी शीर आहे. तिच्यात चरबी गेली तर जिवावर बेतू शकतं, त्यामुळे तिथे धारदार सुई वापरत नाहीत.

दोन गोष्टी रुग्णाने लक्षात ठेवायच्या. भरलेली चरबी ही शेवटी पोटाची चरबीच असते. दहा किलो वजन वाढलं तर ती वाढते, उतरलं तर उतरते, त्यामुळे आधी वजन स्थिर करा. आणि अगदी सडपातळ मुलींत काढायला पुरेशी चरबीच नसते. त्यांच्यासाठी पुढचे पर्याय.

एक्स्पांडर आणि इम्प्लांट

त्वचा कमी असेल तर आधी एक्स्पांडर, म्हणजे रिकामी सिलिकोनची पिशवी. ती ऑपरेशनमध्ये थोडीच भरतात, दोनेक आठवड्यांत टाके सावरले की दर एक-दोन आठवड्यांनी त्वचेतून बारीक सुईने साधारण ५० ते ६० मिली सलाईन घालतात. भरल्यावर घट्टपणा एक-दोन दिवस राहतो. त्वचा पांढरी पडली किंवा दुखणं सहन होईना तर थोडं पाणी परत काढायचं. अंतिम मापापेक्षा दहा-वीस टक्के जास्त ताणून काही महिने तसंच ठेवलं की त्वचा परत आक्रसत नाही. मग पिशवी काढून कायमचं इम्प्लांट किंवा चरबी. बहुतेक एक्स्पांडरच्या भरायच्या तोंडात चुंबक असतो. तो शरीरात असेपर्यंत एमआरआय चालत नाही, हे कुठल्याही दवाखान्यात गेल्यावर आधी सांगायचं.

इम्प्लांट निवडताना सीसीच्या आधी पायाची रुंदी पाहतात. बरगडीच्या पायापेक्षा रुंद इम्प्लांट काखेकडे सरकतं किंवा मध्यरेषेकडे कड दाखवतं. पोलंडमध्ये वरून झाकायला स्नायू नसतो आणि त्वचा पातळ असते, म्हणून सुरकुत्या बोटाला लागतात आणि कड डोळ्याला दिसते. आधी एक-दोन टप्प्यांत चरबी भरून आवरण जाड करून घेतलं तर हा त्रास बराच कमी होतो. ट्यूबरस स्तनात किंवा नुसत्या लहान स्तनात, जिथे स्नायू शाबूत आहे, तिथे इम्प्लांट जास्त चांगलं वागतं.

इम्प्लांट आयुष्यभराचं नसतं. शरीर त्याभोवती आवरण तयार करतं. ते आवळलं तर स्तन टणक होतो, वर चढतो, दुखतो. हे आवळणं किती आहे ते बेकरच्या एक ते चार श्रेणींत सांगतात आणि तिसरी-चौथी श्रेणी आली की पुन्हा ऑपरेशन. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटांशी एक दुर्मीळ लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) जोडला गेला आहे आणि त्यामुळे अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या सांगण्यावरून २०१९ मध्ये काही प्रकार बाजारातून परत घेतले गेले. कुठला पृष्ठभाग वापरणार हे विचारून, लिहून घ्या. आणखी एक गोष्ट कुणी फारशी सांगत नाही: इम्प्लांटची बाजू वयाबरोबर ओघळत नाही, नैसर्गिक बाजू ओघळते. तिशीत जुळलेल्या दोन बाजू चाळिशीत पुन्हा वेगळ्या दिसू शकतात.

पाठीचा स्नायू आणि इतर फ्लॅप

काखेची पुढची कडच नसेल तर चरबीने ती नीट उभी राहत नाही. तिथे लॅटिसिमस डॉर्साय कामाला येतो. स्नायू त्याच्या थोरॅकोडॉर्सल रक्तवाहिन्यांसकट काखेतून पुढे आणतात आणि दंडाच्या हाडावरचं त्याचं टोक पुढच्या बाजूला नेऊन बांधतात. रक्तवाहिन्यांसकट असा हलवलेला ऊतींचा तुकडा म्हणजे फ्लॅप. ते टोक हलवलं नाही तर स्नायू छातीवर येतो, पण कड तयार होत नाही, आणि ऑपरेशनचा अर्धा उद्देश फुकट जातो. त्याची नस, म्हणजे नर्व्ह, ठेवली तर स्नायू जास्त टिकतो पण हात हलवताना छाती फडफडते. कापली तर फडफड जाते, मात्र पुढच्या काही महिन्यांत स्नायू बराच बारीक होतो आणि भरलेलं आकारमान उतरतं. दोन्ही बाजू सर्जनशी आधी बोलून घ्यायच्या.

पाठीवर पाणी साचणं ही याची नेहमीची तक्रार. पाठीची त्वचा आतून टाक्यांनी खाली बांधली तर ते कमी होतं, तरी आठवड्यातून एकदा सुईने काढावं लागू शकतं. ताकदीचा विचार जास्त महत्त्वाचा. हात खाली आणि आत ओढणारे दोनच मोठे स्नायू असतात. पोलंडमध्ये एक जन्मतःच कमी आहे, आणि दुसराही काढून घेतला तर पोहणं, दोरीवर चढणं, पुलअप, कुबड्यांवर भार घेणं अवघड जातं. खेळाडू, अंगमेहनतीचं काम करणारे आणि व्हीलचेअर हाताने चालवणारे यांना आम्ही आधी चरबीचा पर्याय पुरेपूर वापरायला सांगू.

पोटाची त्वचा-चरबी रक्तवाहिन्यांसकट आणून सूक्ष्मदर्शकाखाली जोडायचा डीआयईपी फ्लॅप मोठ्या फरकांसाठी उत्तम, पण सहा-आठ तासांचं ऑपरेशन. तरुण मुलींच्या पोटावर पुरेशी जाडी बहुधा नसते आणि पुढे बाळंतपण असतंच. त्यांच्यात मांडीच्या आतल्या भागाचा फ्लॅप विचारात घेतात. पोलंडमध्ये ज्या रक्तवाहिन्यांना फ्लॅप जोडायचा त्याच बारीक असू शकतात, म्हणून आधी सीटी अँजिओग्राम हवाच. पहिल्या एक-दोन दिवसांत फ्लॅपचा रंग, ऊब आणि रक्तप्रवाह तासातासाला पाहतात. शीर तुंबली की फ्लॅप जांभळा होतो आणि तेव्हा थिएटरमध्ये परत नेण्यात तासाभराची दिरंगाईही महागात पडते.

पुरुषांसाठी

इथे गोलाई नको असते, स्नायूचा सपाट आकार हवा असतो. स्तनाचं इम्प्लांट पुरुषाच्या छातीवर स्तनासारखंच दिसतं. सीटीवरून त्रिमिती साच्यात बनवलेलं घन सिलिकोनचं इम्प्लांट काखेतल्या किंवा मध्यरेषेवरच्या छोट्या छेदातून बसवतात. ते घन असल्याने फुटून गळत नाही. पण भोवती पाणी साचणं इतकं सर्रास होतं की त्याला गुंतागुंत म्हणण्यापेक्षा ऑपरेशनचा भागच समजावं. दाबपट्टा नीट लावायचा आणि गरज पडेल तेव्हा सुईने काढून घ्यायचं. हाच प्रकार आत गेलेल्या छातीतही वापरतात, पण तो फक्त दिसण्यापुरता. हृदयावर दाब असेल, चढताना दम लागत असेल तर त्याने काहीच सुटत नाही. तिथे हाड उचलणंच हवं. स्तनाग्र वर आणि लहान असेल तर ते हलवण्यापेक्षा बहुतेक पुरुष तसंच ठेवणं पसंत करतात. कापलेल्याची खूण त्याहून जास्त दिसते.

ट्यूबरस स्तन आणि दुसरी बाजू

ट्यूबरस स्तनात नुसतं इम्प्लांट टाकलं की जुन्या घडीचा पट्टा त्यावर उठून दिसतो आणि एकावर एक दोन फुगवटे तयार होतात. टाळायचं असेल तर गडद वर्तुळाच्या कडेतून आत जाऊन खालच्या ग्रंथीत किरणांसारखे छेद देऊन ती पसरवतात, घडी खाली आणतात, मग आकारमान भरतात आणि वर्तुळ लहान करतात. हे छेद दुधाच्या नलिकांना धक्का लावू शकतात. शिवाय या प्रकारात मुळातच ग्रंथी कमी असल्याने दूध कमी येण्याची शक्यता असते, ऑपरेशन करा वा न करा.

निरोगी बाजूला हात लावायचा की नाही हा निर्णय शेवटी ठेवा. ती मोठी असेल तर कमी करणं किंवा उचलणं हे लहान बाजू तेवढी मोठी करण्यापेक्षा टिकाऊ ठरतं. पण त्याच्या खुणा निरोगी बाजूवर येतात. एकवीस वर्षांच्या मुलीने याला नाही म्हटलं तर तो हट्ट समजू नये.

क्रम

छातीचा पिंजरा आधी. बरगड्या इतक्या कमी असतील की श्वासाबरोबर तो भाग आत-बाहेर होतो, तर छातीच्या सर्जनबरोबर बरगडीचा तुकडा किंवा जाळी घालून भिंत पक्की करतात. त्यानंतर स्नायूची कड, मग आकारमान, मग दुसरी बाजू आणि सगळ्यात शेवटी स्तनाग्र, कारण खालचं काहीही हललं की ते सरकतं. हाताच्या बोटांचं ऑपरेशन या रांगेत येत नाही. ते लहानपणीच होतं.

ऑपरेशनच्या आधी

तंबाखू, सिगारेट, व्हेप, निकोटिनचा पॅच, सगळं निदान चार आठवडे आधी बंद आणि नंतरही चार आठवडे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि पातळ त्वचा, फ्लॅप व चरबी हे तिघंही त्याच रक्तवाहिन्यांवर जगतात. रक्त पातळ करणारी औषधं, ॲस्पिरिन, माशाचं तेल, काढे, चूर्णं यांची पूर्ण यादी भूलतज्ज्ञाला द्या आणि स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. पायात गुठळी होण्याचा धोका त्यावरून ठरतो. पुढून उघडणारे सैल शर्ट, पुढे हूक असलेली वायर नसलेली ब्रा आणि पाठीशी रचायच्या उशा तयार ठेवा.

सर्जनला विचारायचं: अशी किती ऑपरेशनं केलीत, वर्षभरानंतरचे फोटो दाखवाल का, एकूण किती टप्पे, आणि मनासारखं झालं नाही तर पुढची पायरी कोणती? लगेच घेतलेल्या फोटोत सूज असते, त्यामुळे सगळ्यांची छाती भरलेली दिसते. फरक जेमतेम आणि मनातलं दुःख फार मोठं असेल तर तारीख ठरवण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाशी एक भेट जरूर घ्यावी.

घरी आल्यावर

चरबी भरल्यावर छातीवर दाब नको, मालिश नको, बर्फ नको. दाबाचे कपडे फक्त जिथून चरबी काढली तिथे, चार ते सहा आठवडे. एक महिना पालथं झोपायचं नाही. ड्रेनमधलं (जखमेतलं पाणी बाहेर आणणाऱ्या नळीतलं) पाणी रोज ठरलेल्या वेळी मोजून लिहा. चोवीस तासांत ३० मिलीपेक्षा कमी येऊ लागलं की साधारणपणे नळी काढतात. स्नायूच्या ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, मग फिजिओथेरपिस्ट सांगेल त्या क्रमाने. तोपर्यंत हात अंगाला बांधल्यासारखा धरून ठेवला तर खांदा आखडतो, म्हणून कोपर, मनगट आणि बोटं पहिल्या दिवसापासून हलवा. दोन-तीन किलोपेक्षा जास्त उचलणं आणि धावणं सहा आठवड्यांनी. जखम पूर्ण बंद झाली की व्रणावर सिलिकोन जेल किंवा पट्टी निदान तीन महिने, आणि वर्षभर ऊन लागू द्यायचं नाही.

एका बाजूला अचानक फुगवटा, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, पसरत जाणारी लाली, ड्रेनमध्ये एकदम ताजं रक्त: त्याच दिवशी फोन. श्वास घेताना टोचणं व दम लागणं, किंवा एकाच पोटरीत दुखणं व सूज: फोन करत बसू नका, थेट आपत्कालीन विभागात जा. चरबी भरताना फुप्फुसाला धक्का लागला असेल तर हवा साचायला काही तास लागू शकतात.

पुढची वर्षं

तीन महिन्यांआधी निकालाबद्दल मत बनवू नका, चरबीच्या बाबतीत सहा महिने थांबा. सिलिकोन इम्प्लांट काही त्रास नसतानाही गुपचूप फुटू शकतं. म्हणून एफडीएच्या सल्ल्यानुसार पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी. गरोदरपणात ग्रंथी असलेली बाजू वाढते, अविकसित बाजू फारशी नाही. फरक त्या काळात पुन्हा दिसेल, तेव्हा लगेच दुरुस्तीची घाई न करता स्तनपान संपून सहा महिने जाऊ द्या. अविकसित स्तनातही कर्करोग होऊ शकतो, त्यामुळे ठरलेल्या वयात दोन्ही बाजूंची तपासणी करायचीच. मॅमोग्राफीला जाताना ऑपरेशनचा कागद आणि इम्प्लांटचं कार्ड बरोबर न्या, आणि चरबी भरली असेल तर कधी, कुठे, किती मिली हे तंत्रज्ञाला आधीच सांगा. मेलेल्या चरबीत पडणारे चुन्याचे ठिपके एरवी गाठीच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि ही नोंद हाताशी नसेल तर विनाकारण बायोप्सी होते.